अण्णांना भेटायला येणारी मंडळी

आईस अंबडहून तेजलचा नमस्कार.

कंपनीत काम जोरात आहे, डबाही बरा मिळतो. पण आज रागातच लिहितेय. फोनवर बोलायची सोय नाही. तू स्पीकर लावतेस आणि समोर बसलेली मंडळी सगळं ऐकतात.

ती मंडळीच आधी बंद कर! अण्णांची बायपास झालीय की घरात जत्रा भरलीय? केरूमामा अंगात ताप घेऊन आला, अण्णांच्या उशाशी बसून तासभर खोकला, आणि वर तू त्याला चहा दिलास! डॉक्टर काय म्हणाले होते? साध्या व्हायरलनेसुद्धा रक्तवाहिन्यांना आतून सूज येऊ शकते, गुठळी होऊ शकते. पायातली शीर काढून हृदयाला जोडलीय, ती अजून रुळलेली नाही. मामाला वाईट वाटेल म्हणून दार उघडायचं? वाटू दे वाईट!

अण्णांना ताप नाही ना? खरं सांग. नुसती कणकण वाटली तरी डॉक्टरांना फोन कर.

रविवारी मी येत नाही. कालपासून माझंच अंग तापलंय, खोकलाही आहे. अण्णांना मात्र मला ओव्हरटाइम लागलाय म्हणून सांग. मी आजारी आहे हे कळलं, तर तेच मला भेटायला निघतील.

तुझी,
तेजल