पाकातली पूड

अण्णा, काल प्रयोगशाळेत मधाचा नमुना आला. आमच्याकडे बहुतेक कोळंबीच येते. तिच्यात प्रतिजैविकाचा अंश राहिलाय का, ते बघायचं. मध क्वचित येतो, आणि आला की माझा दिवस नासतो. त्या पावसात तुमच्या मधमाश्यांच्या पेट्यांत अळ्या सडायला लागल्या, तेव्हा मी कॉलेजात होते. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पूड मीच रत्नागिरीहून आणली. तुम्ही पडवीत माश्यांसाठी साखरेचा पाक ढवळताय. "काय गो, माशीला औषध? उद्या थर्मामीटर लावशील तिला!" मी चिडते. तुम्ही पळी माझ्या हातात देता. "घाल. शिकलेली तू." पेट्या वाचल्या. किती घालायची ते मी सांगितलं होतं. कधी थांबायचं ते सांगितलंच नाही. तुम्ही दरवर्षी, पार फुलोरा येऊन पेटीत मध भरू लागला तरी, चिमूटभर देत राहिलात. लेकीचं औषध म्हणून.

पुढे मी इथे नोकरीला लागल्यावर मधपाळांच्या सोसायटीने सगळ्यांचा मध आमच्याकडेच तपासायला पाठवला. बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. एकीच्या बुचाखाली केळीच्या पानाचा गोल तुकडा निघाला. असा मध बंद करणारे तुम्ही एकटेच. तरी नमुना दुसऱ्या कोणाकडे दिला नाही. अंश सापडला. पुन्हा तपासला, पुन्हा तेच. अहवालावर मी सही केली. सोसायटीत चेअरमन सगळ्यांदेखत म्हणाले, "बरं केलंत अण्णा, आता खोकल्याला वेगळं औषध नको!" लोक हसले. मी दाराशीच उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. "चूक माझी," एवढंच बोललात. परतताना रिक्षात हळूच विचारलंत, "तुझ्या नोकरीला काय होणार नाय ना गो?" मी नाही म्हटलं. तान्ह्या बाळाच्या जिभेला लावायला गाव तुमच्याकडचा मध न्यायचं. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत बाळंतिणीच्या घरचं कोणीही तुमच्या दारी आलं नाही.

बापाच्या मधावरही खरी सही करणारी, म्हणून माझं अजून कौतुक होतं. मी ते होऊ देते.  सही करताना मला अभिमान वाटला होता. पूड कोणी आणली, हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच लिहितेय, कारण तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि हा कागद कुठेच जाणार नाही. कालच्या मधात काही सापडलं नाही. सापडावं, म्हणजे असे आपण दोघंच उरणार नाही, असं मला वाटत होतं.