खरवडलेली इंजिनं

३ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. कानाचं यंत्र पुन्हा दुरुस्तीला गेलं म्हणून फोन करू नकोस, पत्रच लिही, असं तुम्ही म्हटलंत ते एका परीने बरंच झालं. फोनवर मी बोलत सुटते आणि मग काय बोलून बसले ते आठवत राहते. गुडघे शेकता ना? की नुसतं शेकते म्हणून सांगता?

इकडे सगळं ठीक आहे. तुमचे बंधुराज त्यांच्या टेबलाशी आहेत, दुसरीकडे कुठे असणार? जेवायचं म्हणून घेतलेलं ते टेबल त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बळकावलं आणि आम्ही जन्मभर ताटं मांडीवर घेऊन जेवलो, हे तुम्हाला नव्याने काय सांगायचं. नकाशे काढायच्या नोकरीतून मोकळे झाले तेव्हा तर सगळं रानच मोकळं मिळालं. दुकानातून आगगाडीचं चांगलं तयार वीतभर इंजिन आणायचं, रंगवलेलं, टेबलावरच्या रुळांवर पळणारं, आणि पहिल्याच दिवशी त्याला ब्लेड लावायचं. मी म्हणायची, अहो, नवी वस्तू आहे, डोळे भरून बघा तरी. तर म्हणायचे, "बघूनच करतोय. कारखान्याने इथे दांडी घातलेलीच नाही, नुसती उठावाची रेघ ओढलीये. त्या रेघेला धरून माणूस वर कसा चढेल?"

मग ती रेघ खरवडून काढायची, सुईएवढ्या ड्रिलने भोकं पाडायची आणि केसासारखी पितळी तार वाकवून तिथे खरीखुरी दांडी बसवायची. दांडी झाली की शिडी, शिडी झाली की ब्रेकची नळी, मग दिवे, मग कोळशाच्या जागी खरा कोळसा कुटून. मालडब्यांचा गंज तेवढा माझा. त्यांचा हात रंगाला जड, म्हणून गंज मी चढवायची. कपाटातले निम्मे डबे माझ्या हातून गंजलेले आहेत, पण बघायला येणाऱ्यांना आम्ही दोघांनीही ते कधी सांगितलं नाही.

सध्या नवीन काही घेतलेलं नाही. जुन्याच गाड्या काढून बसतात. काहींच्या दांड्या निघाल्यात. धूळ पुसताना माझाच हात लागला असेल.

हो, एक विचारायचं होतं. तुमच्या लहानपणीच्या घरामागे मालधक्का होता ना, तिथे डबे ढकलायला एक छोटं इंजिन यायचं म्हणे. त्याचा दिवा मधोमध नव्हता, एका बाजूला होता. पण कुठल्या? डावीकडे की उजवीकडे? हे सारखं विचारतात. मला काय ठाऊक, मी तेव्हा भलत्याच गावात शेंबूड पुसत हिंडत होते. आठवलं तर कळवा. घाई नाही. तरी लवकर कळवा.

तुमची भावजय


१९ एप्रिल

ती. वन्संना नमस्कार.

दिवा डावीकडे होता, पत्र्याच्या खोक्यासारखा, आणि त्याची काच तडकलेली होती, हे तुम्ही काल बघून आल्यासारखं लिहिलंत. तुम्ही भिंतीवर चढून डब्यांचे नंबर मोठ्याने वाचायचात आणि हे खाली डोळे मिटून ऐकायचे, हे तर मला नवीनच. इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि या माणसाने मला ही भिंत कधी दाखवली नाही.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही मला बरोबर पकडलंत. "माझा भाऊ हे मला स्वतः का विचारत नाही?" वन्सं, तुम्हाला कान नसले तरी बाकी सगळं शाबूत आहे. आता लपवण्यात अर्थ नाही.

दांड्या मी तोडल्या नाहीत. तेच काढताहेत.

मला पहिल्यांदा दिसलं ते मोठ्या हिरव्या इंजिनावर. तुम्ही आला होतात तेव्हा ज्याची शिडी भिंगातून बघितलीत, तेच. मी चहा घेऊन गेले तर हे ब्लेडच्या टोकाने शिडी उचकटत होते. मी म्हटलं, अहो, हे काय चाललंय? म्हणाले, "कारखान्याचं काम आहे. हे आधी काढायला हवं." आणि इतक्या शांतपणे म्हणाले, की मला वाटलं असेल बाई, यांना काहीतरी आणखी चांगलं सुचलं असेल. संध्याकाळी केर काढला तर सुपलीत नुसत्या पितळी तारा.

दुसऱ्या दिवशी पुढचं इंजिन. मग त्याच्या पुढचं. स्वतःच्या हाताने बसवलेलं त्यांना स्वतःचं वाटत नाही. कारखान्यातून आलेलं कच्चं काम वाटतं. अर्धं काम हाताला आठवतं, खरवडायचं. दुसरं अर्धं, नवीन घालायचं, ते गेलं. खरवडून झालं की इंजिन हातात धरून बसतात आणि मग आता याचं काय करायचं, अशा नजरेने माझ्याकडे बघतात. मला ती नजर सोसत नाही. मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि उगाच भांडी घासते.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी खूप प्रश्न विचारले, आजचा वार कोणता, आपण कुठल्या मजल्यावर आहोत. मग मला बाहेर नेऊन म्हणाले की हे आता उलटं फिरायचं नाही, पण हातातलं काम काढून घेऊ नका. मी तरी शहाणपणा केला आणि ब्लेड लपवलं. तर यांनी नखाने खरवडायला घेतलं, बोटातून रक्त आलं तरी थांबेनात. दिलं परत. गाड्यांच्या दुकानदाराला कळलं तेव्हा तो बिचारा फुटके-तुटके डबे पिशवी भरून घेऊन आला, म्हणाला, काका यावर बसू देत. यांनी एक डबा उचलून बघितला आणि म्हणाले, "हे भंगार आहे." चांगलं बनलेलं असेल त्यालाच ब्लेड लावतात. तेवढी पारख अजून जागी आहे, हे आमचं नशीब. कपाटातली इंजिनं एकेक करून बोडकी होताहेत आणि मी दारात उभी राहून बघते.

ओरडतेही. खोटं कशाला सांगू? माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पूर्वी मी ओरडले की हे भिंगातून डोळा मोठा करून माझ्याकडे बघायचे आणि मी हसून टाकायची. आता ओरडले की दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसतात.

तुम्ही या, वन्सं. ते तुमची आठवण फार काढतात. मला एकटीला झेपत नाही हो. कुणीतरी माझ्याशी बोलायला हवं आहे. गुडघ्यांचं काय ते बघू, मी उतरवून घ्यायला येईन.

आणि लहानपणी तुम्ही यांना काय हाक मारायचात? सहज विचारते.

तुमची भावजय


९ जून

ती. वन्संना नमस्कार.

तिकीट काढलं असं तुम्ही लिहिलंत. पत्र हातात घेऊन मी जिन्यातच बसले. शेजारीण म्हणाली, काही वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही, नणंद येतेय. ती हसली. नणंद येणार म्हणून कुणी एवढं पांढरं पडतं का, असं वाटलं असेल तिला.

"फार आनंद झाला" म्हणून या पत्राची सुरुवात केली होती, ती फाडली. आता जे आहे ते लिहिते. वाचून मला काय बोलायचं ते बोला.

ते मला ताई म्हणतात.

तुम्हाला दिव्याचं विचारलं त्याच्याही आधीपासून. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी हसले आणि म्हटलं, अहो, ताई तिकडे आहेत, मी तुमची बायको. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, वन्सं, की जणू आपल्या घरात कुणी परकं शिरलंय. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. जेवले नाहीत. मी अंगावर पांघरूण घालायला गेले तर हात झिडकारला आणि तुम्हाला हाका मारायला लागले, "ताई, ही बाई बघ." दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा म्हणाले, ताई, भूक लागली. मी म्हटलं, बस, वाढते. आणि निमूट जेवले.

झालं. त्या दिवसापासून मी तुम्ही आहे.

सोपं नव्हतं. सगळा जन्म 'अहो' म्हणण्यात गेला, जीभ 'अरे'ला वळेना. पहिल्यांदा "अरे, हात धू" म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले. पण नुसतं 'अरे' म्हणून भागत नव्हतं. ते विचारायचे, ताई, दिवा कुठल्या बाजूला होता गं? मला सांगता यायचं नाही. मग त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती बाई यायला लागायची. म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही भाबडेपणाने लिहून पाठवलंत आणि मी ते पाठ केलं. भिंत, नंबर, तडकलेली काच. तुमचं बालपण मी तुमच्याच अक्षरातून उचललं, तुम्हाला न सांगता.

मागच्या आठवड्यात ते बोडकं हिरवं इंजिन घेऊन बसले होते, नेहमीसारखे, पुढे काय ते न कळून. मी शेजारी खुर्ची ओढली आणि तुम्ही लिहिलेल्या त्या नावाने हाक मारली. म्हटलं, "अरे खुडबुड्या, दिवा डावीकडे होता. पत्र्याचा. काच तडकलेली."

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. वन्सं, किती महिन्यांनी त्यांनी चिमटा उचलला. पत्र्याचा तुकडा शोधला, कातरला, चार बाजू दुमडल्या. गोंद भलतीकडे लागला, तरी पुन्हा पुसून पुन्हा बसवला. दुपार सरली. छोट्या इंजिनाचा दिवा त्या थोराड इंजिनावर, तोही वाकडा; पूर्वीचे ते असते तर असं काम करणाऱ्याला दारात उभं केलं नसतं. मग प्लास्टिकचा कपचा काच म्हणून लावला आणि टाचणीने त्यावर एक बारीक चरा ओढला. मला म्हणाले, "अशीच ना?" मी म्हटलं, "अश्शीच." मला किती आनंद झाला ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. भिंगाच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला ते, आणि दोघंही हसत होतो.

मग त्यांनी हळूच विचारलं, "ताई, इथे एक बाई असायची. ती गेली का?"

मी म्हटलं, "कोण बाई?"

"ती ओरडायची ती."

मी म्हटलं, "गेली."

"बरं झालं," ते म्हणाले. "तिला गाड्या आवडायच्या नाहीत."

आणि पुढची दांडी वाकवायला घेतली. मी तिथेच बसून राहिले. उठून कुठे जाणार? उठले असते तर ताईही गेली असती.

रोज थोडं काम होतं आता. मी काहीतरी आठवण सांगायची आणि त्यांनी ते इंजिनावर घालायचं. तुमच्या पत्रांतलं संपत आलंय, तेव्हा थोडं माझ्या पदरचंही घालते. जेवतात. झोपतात. माझा हात धरून जिना उतरतात. इतका विश्वास त्यांनी बायको म्हणून माझ्यावर कधी टाकला होता की नाही, कुणास ठाऊक.

तुम्ही आलात तर तुम्हाला बघताक्षणी ओळखतील. याची मला खात्री आहे. तुमचा आवाज, तुमची चालायची लकब, ती मला कुठून जमणार? आणि तुम्हाला ओळखलं की मग माझ्याकडे वळून बघतील. ते बघणं मला माहीत आहे. मी दोन दिवस सोसलंय. तुम्ही आठ दिवस राहाल, पोटभर भेटाल आणि परत जाल, आणि मागे या घरात ते आणि ती बाई, दोघंच उरतील.

तुमचा सख्खा भाऊ आहे. तुमचं वय झालंय. आत्ता नाही आलात तर पुन्हा भेट व्हायची नाही, हे मला कळतं. मीच तुम्हाला रडून बोलावलं होतं, तेही मला आठवतं. तरी तिकीट परत करा.

येऊ नका, वन्सं.

तुमच्याकडून सगळं मागून घेतलेली आणि तुम्हालाच दार लावणारी,
तुमची भावजय