मायच्या कॅसेटींतला बेंजो

माय, तुझ्या कॅसेटी मी सगळ्या तालुक्यात वाटल्या. लगेच रागावू नकोस. कॅसेटी माझ्याकडेच आहेत, तुझ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत. वाटली ती आतली गाणी. हिंगोलीच्या एका कॉम्प्युटरवाल्याने ती उतरवून सीडीवर भरून दिली आणि आता ती सेनगावच्या जीपांमध्ये वाजतात, पोरांच्या मोबाइलमध्ये वाजतात, परवा तर एका वऱ्हाडाच्या टेंपोत वाजत होती. तू असतीस तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "काहून ग, कोणाला इचारून?" मामाला विचारून. पुण्याला फोन लावला तर तो म्हणाला, "वाट सगळ्यायला. माझ्यापाशी ठेवून काय त्याचं लोणचं घालू?"

त्या गाण्यांना लग्नाच्या मंडपात जागा नव्हती, हे आता पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मामा, त्याचा बेंजोवाला दोस्त, एक ढोलकीवाला आणि एक हलगीवाला, एवढाच त्यांचा बँड. गाणी मामा स्वतः जोडायचा, आणि जोडायचा ती नेमकी ज्याला टोचायची त्याला टोचतील अशी. "टपावर बसलं सारं गाव, आतल्या शिटावर पुढाऱ्याचं नाव" हे जीपवरचं गाणं झालं आणि पुढाऱ्याने सगळ्या मंडपवाल्यांना बजावून ठेवलं की ह्या पोरांना माईक द्यायचा नाही. मग ते माईक लागत नाही तिथे वाजवू लागले. खळ्यावर, साखरा गावच्या बाभळींखाली, नाहीतर जवळा बाजारला आठवडी बाजारात शेळ्या-मेंढ्या उभ्या करतात त्या कडेला. बेंजोचा आवाज मोठा करायला जीपची बॅटरी काढून आणायची, आणि कोणी तक्रार करायला येतोय असं दिसलं की बॅटरी परत जीपमध्ये आणि चौघं चहाच्या टपरीवर. कोणत्याच कंपनीने त्यांची कॅसेट काढली नाही. ज्याला ऐकायचं तो विचारत विचारत यायचा. माझा मामा त्या बँडचा होता हे मी शाळेत छाती काढून सांगायचे.

आणि भरून ठेवणारी फक्त तू होतीस. मामाने भाऊबीजेला दिलेला तो काळा टेप तू भाकरीच्या पिशवीत घालून सगळीकडे नेलास. पावसाळ्यात कॅसेटींना ओल लागू नये म्हणून चुलीच्या वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, त्यांची रांग असायची. अजून दिसतं मला. तू भाकरी थापते आहेस, हात पिठाने भरलेत, टेप पाट्यावर ठेवलाय आणि कडवं पुन्हा ऐकायचं म्हणून तू कोपराने बटन दाबते आहेस. मी हात पुढे केला की, "दूर हो, मोडशील." शेळ्यांचं दूध काढायला मला द्यायचीस, टेपला हात लावू द्यायची नाहीस.

पण भरायची तुझी रीत काय होती, आठवतं ना? मामाचे बोल सुरू झाले की बटन खाली, बोल थांबले की खट् करून वर. मामा गाताना बेंजो थांबलेला असायचा; मधे तो वाजायला लागला, लोक शिट्ट्या मारायला लागले, की तू टेप बंद करून निवांत बसायचीस. कडवं सुरू झालं की पुन्हा खट्. त्यामुळे तुझ्या कॅसेटीत मामा श्वाससुद्धा न घेता एका कडव्यावरून दुसऱ्या कडव्यावर उडी मारतो. बेंजोवाले काका ह्यावरून एकदा आपल्या दारात येऊन भांडले होते. मी भांडी घासत होते, सगळं ऐकलं.

"अक्का, तुमी माझा बेंजो काहून कापून राहिल्या?"

"कापत न्हाई भाऊ, मी तो भरतच न्हाई. बोल सरले की गाणं सरलं. नुसती टिंगटिंग भरायला रीळ काय झाडाला लागते?"

"मंग तुमच्या शेळ्या काय बोलतात? तरी ऐकताच ना दिवसभर!"

तू इतकी हसलीस की तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांना बसवून घेतलंस, चहा दिलास, शिवाय जाताना शेंगाही बांधून दिल्यास. आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तेच केलंस, खट् आणि खट्. हट्टी म्हणजे हट्टी.

पुढे मामा पुण्याला कंपनीत लागला आणि बँड मोडला. सोयाबीनच्या मळणी यंत्रात काकांच्या डाव्या हाताची बोटं गेली. बेंजोची बटणं त्याच हाताने दाबायची असतात, म्हणजे वाजवणं कायमचं संपलं. नंतर तू गेलीस. मी एसटीत कंडक्टर झाले ते काही तू पाहिलं नाहीस. खाकी कपड्यांत मला पाहून तू आधी गुंड्या नीट लावल्यात का ते बघितलं असतंस.

गेल्या वर्षी सेनगावला काका नातवाला घेऊन माझ्या गाडीत चढले. गर्दी ओसरल्यावर मला जवळ बोलावलं. म्हणाले, "पोरी, तुझ्या मायच्या कॅसेटी असतील ना? त्यात कुठं माझा बेंजो निघतो का, बराबर पाहय ना एकदा. मी वाजवायचो म्हणून सांगतो तर घरात कोणाला पटत न्हाई. हे लेकरू काय म्हणते माहीत हाय? म्हणते, आबा, तुमी बँडात बॅटरी उचलायचे का?" ते हसत होते, पण त्यांचा तो बोटं नसलेला पंजा पिशवीखाली लपवलेला होता. मला फार वाईट वाटलं. मामाचं गाणं राहिलं, ढोलकी-हलगीही बोलांच्या मागे का होईना राहिली, आणि ज्याच्या बेंजोसाठी लोक लांबलांबून यायचे त्याचंच काही नाही. आणि ते तुझ्यामुळे, माय. गाडी हिंगोलीला पोहोचेपर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते.

सुटीच्या दिवशी कॅसेटी काढल्या आणि एकेक ऐकायला बसले. मामाचं कडवं संपतं, बेंजोचे दोन सूर येतात न येतात तोच खट्. पुढचं कडवं. खट्. किती तत्पर होतीस ग! सगळ्या कॅसेटी अशाच निघाल्या. शेवटची राहिली ती जवळा बाजारची. मागे शेळ्या ओरडतात, मामाचं कडवं संपतं, मी खट् ऐकायची तयारी करून बसलेली, आणि खट् येत नाही. बेंजो सुरू होतो. आधी सावकाश, मग असा पळायला लागतो की हलगीवाल्याची दमछाक ऐकू येते. लोक ओरडतात, काका थांबत नाहीत. आणि त्या सगळ्याच्या वर, टेपच्या अगदी जवळ, तुझा आवाज. शेजारच्या बाईला तू माझ्याबद्दल सांगते आहेस.

"माझ्या पोरीनं लांडग्याच्या तोंडावर दप्तर हाणलं, बाई! एवढंसं लेकरू. शेळ्या मागं घातल्या आन् उभी राहिली. पळाली न्हाई. पोरगं असतं तरी पळालं असतं." बाई काहीतरी म्हणते. तू पुन्हा पहिल्यापासून सांगतेस. तुझा आवाज भरून आलेला आहे. आणि मी, माय, मी जमिनीवर बसून हे ऐकते आहे, कारण त्या दिवशी मी घरी आले तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "दप्तर फाडलंस, आता पुस्तकं काय डोक्यावर नेशील?" एवढंच. तू कधी कोणाजवळ माझं कौतुक केलं असशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझं कौतुक करता करता तू बटन विसरलीस. आयुष्यात एकदाच विसरलीस, आणि तेवढाच काकांचा बेंजो राहिला.

कॉम्प्युटरवाल्याने कानाला हेडफोन लावून बराच वेळ खटपट केली. शेवटी म्हणाला, "ताई, ह्या बाईंचा आवाज बेंजोच्या वरच बसलाय. आवाज काढायला गेलो तर बेंजो पण जाईल. ठेवायचं तर दोन्ही ठेवावं लागतं." मी म्हटलं, ठेवा.

काकांच्या अंगणात आम्ही सीडी लावली. सून चुलीपुढून उठून दारात आली, नातू बाजेवर बसला. तुझं बोलणं सुरू झालं तसा तो म्हणाला, ही आजी मधीच काय बोलून राहिली? काकांनी त्याला हाताने गप्प केलं. मग बेंजो पळायला लागला आणि पोरगं बाजेवरून उतरून आपल्या आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिलं. काकांचा डावा पंजा मांडीवर हलत होता, नसलेली बोटं बराबर जागेवर पडत असल्यासारखा. सीडी संपल्यावर ते रडले, आणि रडता रडता म्हणाले, "तुझी माय बोलून राहिली म्हणून मी वाचलो." नातू म्हणाला, आबा, पुन्हा लावा. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत ते पुन्हा पुन्हा लावलं, आणि मला तुझा इतका अभिमान वाटला की भांडण कुठल्या कुठे गेलं.

आता लोकांना सगळ्यांत जास्त तेच आवडतं. बेंजो ऐकतात आणि तुलाही ऐकतात. गाडीत बाया तिकिटाचे पैसे देताना माझ्या तोंडाकडे निरखून बघतात आणि विचारतात, "लांडग्यावाली पोरगी तूच का ग?" मी मान डोलावते आणि घंटीची दोरी ओढते. आतून फुलून जाते, खोटं कशाला सांगू.

पण एक गोष्ट आहे, आणि ती लिहिली म्हणूनच हे पत्र तुझ्या फोटोपुढेसुद्धा मी वाचणार नाही. मी लांडग्याला दप्तर हाणलं नव्हतं, माय. पळताना जड होतं म्हणून ते खांद्यावरून काढून मागे भिरकावलं होतं. ते नेमकं त्याच्या तोंडावर बसलं आणि तो गेला. मग मी उभी राहिले, कारण पाय हलत नव्हते. तू टेपवर दोनदा म्हणतेस, "पळाली न्हाई." तुझा तो आवाज ऐकल्यावर मी तुला खरं कसं सांगू?