बोकडाच्या पोटातला पाला

रोंगच्यांग, ग्वेइचौ
१९ ऑक्टोबर १९९९

प्रिय युनशिया,

मी सुखरूप पोहोचलो आणि माझं पोटही जागेवर आहे. तुझे गुडघे कसे आहेत? शेक घेतेस ना? दुकानातल्या व्हिनेगरच्या बरण्या उन्हात ठेवू नका म्हणावं, मी नसलो की सगळ्यांना ऊन दिसायचं बंद होतं.

फोन करता आला असता. इथल्या पोस्टात सोय आहे. पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस, आणि मग मी तुला आवडेल तेच बोलू लागतो. गिऱ्हाइकांशी असंच बोलून मी हातगाडीचं दुकान केलं. तुझ्याशी या वेळी तसं बोलायचं नाही.

निघताना तू म्हणालीस, "मुलगा कसा आहे ते सांगू नका. बघायला गेल्यावर सगळे मुलगे चांगलेच असतात. ते लोक काय खातात ते खाऊन या. माझ्या रुईचिंगला जन्मभर तेच गिळायचंय." तर ऐक. आपली मास्तरीण लेक इथली शाळा सुटल्यावर मला थेट मुलाच्या घरी घेऊन गेली.

पहिल्याच जेवणात मुळं आली. पांढरी, बारीक, गाठीगाठींची, कच्ची, वर तिखटजाळ मिरची. एक चावलं आणि वाटलं, मासळीबाजार धुतलेलं पाणी प्यायलो. मुलाचे वडील, वू, माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, "शान्शीकर, थुंकायचं असेल तर खिडकी तिकडे आहे."

मी म्हटलं, "खिडकीखाली तुमची डुकरं बांधलीत. त्यांनी काय पाप केलंय?" आणि आणखी एक उचललं. तिथून आमचं जमलं.

मग लाकडी पिंपातला आंबवलेला मासा. पेइगुआंगच्या, म्हणजे आपल्या त्या मुलाच्या, धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी भरलेला. ती पोरगी आता कॉलेजात आहे. आंबट वस्तूला मी घाबरत नाही, आपलं पोट त्यावरच भरतं. पण हा आंबटपणा आपल्यासारखा सरळ येत नाही, जरा वेळाने मागून येऊन टपली मारतो. मासा मला आवडला. हे तुला आवडणार नाही, तरी लिहितोय.

आणि मग बोकड. इथे मानाच्या पाहुण्यासाठीच करतात. बोकडाला आधी चांगला रानपाला चारतात. कापल्यावर त्याच्या पोटातला अर्धवट पचलेला पाला पिळायचा, तो रस पित्त घालून उकळायचा आणि त्यात मटण शिजवायचं. हिरवागार रस्सा. तू आत्ता पत्र खाली ठेवलं असशील. उचल. पहिला घोट कडू, शेणाने भरलेल्या गोठ्यात उभं राहिल्यासारखा. दुसऱ्या घोटाला नुसता कडू. तिसऱ्याला घाम फुटला आणि प्रवासात फुगलेलं पोट खाली बसलं. वू म्हणाले, "औषध आहे हे." मी म्हटलं, "ते कळलं, पण बोकडाला डॉक्टर केलं कुणी?"

फजिती झाली ती चहाला. खारट चहा, तेलात परतलेल्या पानांचा, वर फुलवलेला तांदूळ आणि शेंगदाणे. पाहुण्याला जेवायच्या दोन काड्यांऐवजी एकच काडी देतात. पुरे झालं की ती वाटीवर आडवी ठेवायची, हे मला नंतर कळलं. आता आपल्याकडे काडी आडवी ठेवली असती तर माझ्या बापाने हात सुजवला असता. मी आपला सभ्यपणे ती बाजूला ठेवत होतो आणि मुलाच्या आई ओतत होत्या. शेवटी विहीणबाई रुईचिंगच्या कानात म्हणाल्या, "तुझा बाप माणूस आहे की रांजण?"

माझे कान तुला माहीतच आहेत. म्हटलं, "रांजणच, पण आता तोंडापर्यंत आलाय!" घर हसून खाली पडायचं बाकी होतं.

हो, विहीणबाई लिहिलं. खोडणार होतो. राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर ओसरीवर बसलो होतो. आत विहीणबाई आणि रुईचिंग मुळं धूत होत्या. त्या बाई घरच्यांशी त्यांच्या भाषेत बोलतात, पण रुईचिंगशी मोडक्यातोडक्या चिनीत. "अगं, माती तशीच ठेवलीस. शाळेत पोरांना हेच शिकवतेस?"

"पोरं मुळं नीट धुतात. तुमच्यासारखी बडबड करत नाहीत."

"जीभ बघा हिची! आईने काही शिकवलं की नाही?"

"ही जीभ तिचीच आहे."

आणि दोघी हसल्या. युनशिया, परक्या घरात लेक अदबीने बोलते. मी काळजीने तेच ऐकायला बसलो होतो. ऐकू आलं ते भांडण. मला बरं वाटलं.

आता जे सांगायचं टाळतोय ते. तू रात्रंदिवस खपून वाळवलेले नूडल्स आणि आपलं जुनं व्हिनेगर मी पोरीला दिलं. तिने लगेच शिजवले. अर्धी वाटी खाल्ली. "छान आहे, बाबा," म्हणाली, कुणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर म्हणतात तसं. मग उठली, त्या घरातली लाल आंबट मिरची त्यात कालवली आणि उरलेलं चाटूनपुसून खाल्लं. मी खाली मान घालून जेवत राहिलो. तुझी भीती मला तेव्हा कळली. तिला इथलं गिळता येणार नाही ही नव्हतीच ती; आपलं तिला पुरेनासं होईल, ही होती.

त्याच संध्याकाळी मी वूंना होकार दिला. तुला न विचारता. रागव. पण मी पोरीला विचारलं होतं, "तुझ्या आईला काय सांगू? तिच्या हातचं काय पाठवायला सांगू?"

तिने चुलीत चार काटक्या सारल्या. मग म्हणाली, "काही पाठवू नको म्हणावं. जन्मभर मी तिच्या हातचं खाल्लं. आता तिने माझ्या हातचं खायला यावं."

गाडीची वेळ पाठव. मी घ्यायला बस स्टँडवर येईन. तू येईपर्यंत इथून हलणार नाही.

तुझाच,
तेशान