बोडीवर धूर नको

४ डिसेंबर
लिहिते-लिहिते म्हणत धान कापून झाला, वही कोरीच! मले एका जागी बसवतच नाही. आज मात्र लिहितेच, कारण आज लई राग आला.

लटारूभाऊ भंगारवाला बोडीच्या पाळीवर वायरी जाळतो — आतलं तांबं काढायला. राख पाण्यात, पाण्यावर काळी साय. त्याच बोडीतली मासोळी आम्ही खातो! म्हटलं, "जाळू नका न, भाऊ." तर म्हणे, "मंग काय चाटून काढू तांबं?"

५ डिसेंबर
नागपूरच्या ई-कचऱ्याच्या सरकारमान्य कारखान्याला फोन लावला. ते न जाळता सगळं सुटं करतात, वजनावर पैसेही देतात. अकरा तारखेला गाडी येईल — पण गाडीभर माल पाहिजे. गाडीभर!! हो म्हणून बसले.

६ डिसेंबर
विहारात वंदना झाल्यावर उठले न् सगळ्यांना म्हटलं — बंद टीव्ही, मोबाइल, मिक्सर लटारूभाऊला नका देऊ, मला द्या. मागून कोणीतरी — "हे भटकभवानी? चामोर्शीले मीठ आणाले गेली न् दंडारीचा खेळ पाहून दोन दिवसांनी आली!" सगळे हसले. खरंच आहे ते. मीठ तर विसरलेच होते.

८ डिसेंबर
सरपंच रीनाताईंनी पंचायतीचे बंद कॉम्प्युटर दिले. सहीसकट! अंजनाबाईच्या टीव्हीचं मागचं झाकण कधीच गेलेलं, आत कोंबडी अंड्यांवर बसलेली.
"पिल्लं निघू दे, मंग ने."
"बाई, गाडी थांबत नाई."
"मंग कोंबडीले सांग!"
सांगितलं. म्हणजे दिवस बुडता-बुडता अंड्यांसकट हळूच टोपल्यात बसवली. हूं की चूं नाही! टीव्ही डोक्यावर घेऊन निघाले, तर सारे दारात उभे. घटकाभरात जो तो आपलं डबडं घेऊन मागे!

१० डिसेंबर
समाजमंदिराचा ओटा भरला. पाय ठेवायला जागा नाही! मी नुसती नाचून राह्यली होती. तेवढ्यात लटारूभाऊ सायकल थांबवून म्हणाला, "ने, ने. माह्या घरी वायरीचा ढीग हायच. उद्या पेटवतो. पाहाले ये."


११ डिसेंबर
गाडी भरली! ड्रायव्हर दोर आवळून राह्यला, मी चाकाशी बसून लिहिते आहे. थांब — हातगाडी आली. सोमारीबाई! लटारूभाऊची बायको, एकटीच. वायरीचा पुरा ढीग लादून. म्हणते, "दोर सोडाले सांग, पोरी. तो निजून हाय तवरच भरा. न् पैसे माह्या हातात!"