दोनशे चौदा नंबरचा शेरा

अर्जुनी मोरगाव,
मंगळवार, सकाळचे अकरा

श्रीमान दुलीचंदजी पटले, आमचे व्याही, मुक्काम तिरोडा, यांना परसराम बिसेनचा हात जोडून रामराम. (हातच जोडता येतात. वाकणे रविवारपासून बंद आहे.)

तुमची आणि व्याहीणबाईंची तब्येत चांगली असेल, उन्हाळी धानाची रोवणी लागली असेल आणि धनेंद्र जावईबापूंना ड्युटीतून जेवायला वेळ मिळत असेल, असे धरून चालतो. (हा शब्द सहज लिहून गेलो. पुढे याच शब्दावर बरेच यायचे आहे.) इकडे सर्व ठीक आहे. आमच्या सौ. मुन्नीबाईचा गुडघा आहे तसाच आहे. त्या गुडघ्यासाठी तुम्ही सूनबाईला, म्हणजे आमच्या रविताला, पंधरा दिवस माहेरी पाठवलेत, हे तुमचे मोठेपण. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो.

रविवारच्या पहाडी दौडीची यादी तुम्हाला मोबाईलवर मिळाली असेल. नंबर दोनशे चौदा, परसराम बिसेन, वय एकसष्ट, आणि पुढे शेरा: "चलते". तो वाचून तुम्ही मांडीवर थाप मारली असेल, व्याहीणबाईंना हाक मारून दाखवला असेल आणि अर्ध्या तिरोड्याला पुढे पाठवला असेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी तुमच्या जागी असतो तर उरलेल्या अर्ध्यालाही पाठवला असता. पण निकाल पक्का करण्याआधी दुसरी बाजू ऐकून घेण्याची पद्धत आमच्या खात्यात होती, ती तुम्हीही पाळावी.

प्रथम अटीचे शब्द. तुमच्या पुतण्याच्या साक्षगंधात, जेवणाच्या पंगतीत, वनरक्षक भरतीचा विषय निघाला. रविताला फॉर्म भरायचा आहे, भरतीत बायांना तीन किलोमीटर धावावे लागते, आणि घरच्या सुनेने सडकेवर धावणे तुम्हाला पसंत नाही, एवढे सगळ्यांनाच माहीत होते. त्यावर तुम्ही भाताचा घास हातात धरून म्हणालात, "तुमच्या घराण्यात धावणं नाही जी, व्याही. एकतीस वर्षं नहरावर चालत राहिले तुमी. तुमी ते पहाडी न चालता चढून दाखवा, मी सूनबाईले भरतीले पाठवतो." मी घरी येऊन हे शब्द तारखेसह डायरीत उतरवले. (सवय जात नाही. इटियाडोहच्या नहराचा चौकीदार म्हणून मी एकतीस वर्षे रोजची पाणीपातळी डायरीत लिहिली आहे आणि ती कोणीही वाचलेली नाही.)

आता तयारीविषयी. चालण्यात मला तोड नव्हती, पण चालणे सपाटीवरचे. नहराला उतार इतका थोडा की पाण्यालासुद्धा आपण कुठे चाललो हे शेवटच्या गेटपर्यंत कळत नाही. चढ कसा असतो हे मला पुस्तकी माहीत होते. तरी आधी धावायला तरी लागावे म्हणून पहिल्या दिवशी पहाटे नहराच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, निघालो. इथे एक चूक झाली. आपल्याकडे नहराचा माणूस चालताना दिसला तर पाणी येत आहे आणि धावताना दिसला तर नहर फुटला, असा लोकांचा हिशेब आहे, हे मीच विसरलो. पाळीलगतच्या शेतातल्या मंगरूने मला पाहिले, फावडे उचलले आणि "कुठी फुटला जी?" असे ओरडत मागे लागला. त्याच्या मागे आणखी चौघे. थांबून सांगावे तर न चालण्याचा सराव मोडतो आणि धावता धावता सांगण्याइतका श्वास नव्हता, म्हणून मी नुसता हात हलवला. त्याचा अर्थ त्यांनी "पुढे आहे" असा घेतला. दोन किलोमीटरवर मी थांबलो तेव्हा माझ्यामागे अकरा माणसे, नऊ फावडी आणि रेतीच्या रिकाम्या पोत्यांचा एक गठ्ठा होता. नहर धडधाकट पाहून त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मंगरू अजून बोलत नाही.

दौड चौदा किलोमीटरची होती. धरणाच्या पायथ्यापासून निघायचे, पहाडी चढायची, वरच्या देवळाला वळसा घालून परत. नियम साधा: चढावर जो चालला त्याच्या नावापुढे "चलते" असा शेरा, जो एकदाही चालला नाही त्याचा रकाना कोरा. यादी लिहायला खाली मंडपात टिंकू नावाचा गोंदियाचा मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. तो पूर्ण हिंदी माणूस. चढाच्या मोठ्या वळणावर गुंजन नावाची कॉलेजची पोरगी उभी होती. ती पूर्ण आपल्याकडची. कोण चालले ते तिने फोनवर सांगायचे आणि पन्नाशीच्या पुढच्या लोकांचे हालहवालही कळवायचे. या दोघांच्या मध्ये माझी इज्जत होती.

पहिले पाच किलोमीटर काही लिहिण्यासारखे नाही. मग चढ लागला. चढाबद्दल माझे मत असे की तो लांबून दिसतो त्यापेक्षा जवळून वेगळाच असतो. मी पावले बारीक केली, मग आणखी बारीक केली. धावणे कशाला म्हणावे याचा तिथे मला विचार करावा लागला. एका क्षणी दोन्ही पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत, असे मी ऐकले होते. मी खाली पाहिले. सुटत होते, पण फार थोडे, आणि एकमेकांना विचारून. तेवढ्यात मागून आमच्या गावच्या सुशिलाबाई डोक्यावर काटक्यांची मोळी घेऊन आल्या. त्या चालत होत्या, मी धावत होतो, आणि आम्ही बरोबर होतो. त्यांनी मुन्नीबाईच्या गुडघ्याची चौकशी केली, माझ्या तोंडाकडे पाहून माझीही केली, आणि उत्तराची थोडा वेळ वाट पाहून "मले उशीर होऊन राहिला जी" म्हणत पुढे निघून गेल्या. मला वाईट वाटले नाही. नियमात वेगाचा उल्लेख नव्हता.

मग ते वळण आले. तिथे माझ्या तोंडून "चालते" हा शब्द निघाला. (कोणाला उद्देशून, ते इथे महत्त्वाचे नाही.) आपल्याकडे "चालते" म्हणजे ठीक आहे, काही हरकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही लग्नाच्या बैठकीत दर तिसऱ्या वाक्याला तोच शब्द वापरला होता. इतक्यात टिंकूने फोनवर गुंजनला विचारले, "दो सौ चौदह का क्या हाल है?" पोरगी सरळ मनाची. म्हणाली, "चालते म्हणतात." टिंकूने आपल्या भाषेप्रमाणे बरोबर तेच लिहिले. मराठीत मी ठीक होतो, हिंदीत मी चालत होतो. यात दोष कोणाचाच नाही.

उतरताना चालण्याचा प्रश्नच आला नाही, कारण थांबण्याचाही आला नाही. शेवटची रेघ ओलांडून मी तसाच पुढे गेलो तो आलूपोह्याच्या मंडपात, आणि पोह्याच्या मोठ्या पातेल्याला धरून स्थिर झालो. शुद्धीवर आल्यावर शेरा पाहिला. टिंकूला भाषेचा फरक समजावला. तो भला मुलगा आहे, त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "अंकल, चलता है."

तरी झाला प्रकार लेखनिकाच्या चुकीचा आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. व्याहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पायांना आराम पडला की भेटीला येईन. एसटीची पायरी चढता आली पाहिजे.

आपला,
परसराम बिसेन

ता. क. मुन्नीबाईने पत्र वाचले आणि गुडघ्याचे वाक्य स्पष्ट करायला सांगितले. गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे चांगला आहे. तो कधी दुखलाच नव्हता. रविताला पंधरा दिवस पहाटे धावायला जागा हवी होती आणि आम्हा दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी कोणता तरी एक पुढे करावा लागला.

ता. क. दोन. तुम्ही यादीचे पहिलेच पान पाहिले असणार. बायांची यादी दुसऱ्या पानावर आहे. तिथे दुसरा क्रमांक पाहावा: सौ. रविता धनेंद्र पटले, तिरोडा. शेऱ्याचा रकाना कोरा आहे. बिसेन कुठेही लिहिलेले नाही. लग्नाच्या दिवशी तुम्हीच म्हणाला होता की आजपासून ही आमच्या घरची. तेव्हा धावणे माझ्या घराण्यात नसेल, पण तुमच्या घराण्यात आता आहे, छापून आले आहे.

ता. क. तीन. वर लेखनिकाची चूक म्हणून लिहिले, ते डायरीत तसे उतरवताना हात अडला, म्हणून खरे लिहितो. बायांना आमच्या मागून सोडले होते, आणि त्या वळणावर रविता मला मागे टाकून पन्नास पावले पुढे गेली होती. तिने मागे वळून पाहिले. माझे तोंड तिला ठीक दिसले नसावे, कारण तिचा वेग पडला आणि तिने विचारले, "बाबा, थांबू का मी?" गुंजन तिच्या छातीवरच्या नंबराकडे बघतच होती. आणखी एक पाऊल पडते तर ती चालली असती. माझ्याजवळ श्वास एकाच कामाचा होता, धावायचे किंवा बोलायचे. म्हणून मी चाललो. अकरा पावले. आणि म्हणालो, "चालते, तू जाय." ती गेली. पाठमोरी वळणाआड जाईपर्यंत मी पाहत होतो, आणि एकसष्ट वर्षांत मला इतका आनंद कधी झालेला नाही, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही. टिंकूने लिहिले ते दोन्ही भाषांत खरे आहे. अट मी हरलो.

ता. क. चार. हरलेल्या माणसाने मागू नये, तरी मागतो. तिची बारावीची गुणपत्रिका तुमच्या कपाटात आहे. फॉर्मची शेवटची तारीख येता सोमवार. ती शनिवारी तिरोड्याला येईल आणि तुम्हाला काही विचारणार नाही, दारात उभी राहून तुमच्या तोंडाकडे पाहील. दुसऱ्यासाठी थांबायची तिला खोड आहे. मी एकदा सांगून पाहिले, आता तुमची पाळी. गुणपत्रिका हातात द्या आणि जास्त बोलू नका. नुसते "चालते" म्हणालात तरी चालते.