यंत्राला हिरडी कळत नाही

३ जून
डॉक्टरीणबाईंनी शेवटी ते यंत्र आणलंच. आता कवळीचं माप घ्यायला तोंडात लगदा भरायचा नाही. पेनसारखी कांडी फिरवली की हिरड्या पडद्यावर, आणि शेजारचा प्रिंटर थरावर थर चढवून कवळी काढतो. मला म्हणाल्या, काका, कॉम्प्युटरवर डिझाइन शिकून घ्या, क्लास सुरू होतोय, तीस तारखेपर्यंत सांगा. नाहीतर इथे तुमच्यासाठी काम उरणार नाही. मी हसलो. यंत्राला हिरडी कळत नाही. माझा जन्म गेला मेणात आणि प्लास्टरमध्ये.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून मेणात असा नमुना कोरायचा की बाईंनी तोंडात बोट घालावं.

४ जून
साडेआठला उठलो. मेण कडक होतं.

९ जून
विचार बदलला. नमुना कशाला? आई आहे ना. तिची कवळी मीच केलीय. कोणीही विचारलं की सांगते, माझ्या लेकानं केलीय, अगदी माझेच दात वाटतात. तीस तारखेला तिलाच क्लिनिकमध्ये नेऊन बसवतो. बायको म्हणाली, आधी त्यांना एक टोस्ट दुधात न बुडवता खायला सांगा. हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय. आई सगळं बुडवून खाते ते वयामुळे.

१३ जून
आनंदाची बातमी. प्रिंटरच्या कवळीचे दोन तुकडे. पेशंटच्या हातून जिन्यावर पडली. सकाळभर ज्याला त्याला सांगत सुटलो. संध्याकाळी बाईंनी तीच पुन्हा छापून दिली, माप कॉम्प्युटरमध्ये होतंच. माझी तुटली असती तर त्या गृहस्थांना चार खेपा पडल्या असत्या. पण खेपांनी माणसं जोडली जातात. हे कोण लक्षात घेतो?

१७ जून
बाई एका पेशंटला सांगत होत्या, पुढेमागे औषधानं दातच नव्यानं उगवतील, प्रयोग चालू आहेत. मी म्हणालो, मग तुम्हीही बसाल घरी माझ्यासारख्या. म्हणाल्या, बसेन की, लोकांना दात येत असतील तर. अशा माणसाशी काय वाद घालणार.

२० जून
बायको हल्ली आईला फिरायला नेते. या आठवड्यात दोनदा. दोघींचं एवढं गूळपीठ कधीपासून? असो. आईला मोकळी हवा मिळते.

२६ जून
आईचे गाल भरलेत. बायकोला म्हटलं, बघ, बसली की नाही कवळी? चांगल्या कामाला मुरायला वेळ लागतो. पाच वर्षं म्हणजे जरा जास्तच, पण मुरलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. कौतुक करायला मन मोठं लागतं.

३० जून
आईला क्लिनिकमध्ये न्यायला लवकर घरी आलो. स्वयंपाकघरातून करकर आवाज. आई सफरचंद खात होती, सालीसकट, डोळे मिटून. माझी कवळी ओट्यावर, वाटीतल्या पाण्यात.
बायको घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. पाठमोरीच म्हणाली, मीच नेलं होतं त्यांना. बाईंनी छापून दिली. तुम्हाला कळू द्यायचं नाही, ही अट आईंची.
आईनं तोंडावर हात धरला. म्हणाली, आलास होय? थांब, तुझी घालते.
घातली. रोजचीच सवय असल्यासारखी, आरशात न बघता. मग माझ्यासमोर बसून सफरचंदाचा एक घास घ्यायला गेली. साल नुसतीच खरवडली गेली. तेवढंच चघळत राहिली. म्हणाली, चल, क्लिनिकमध्ये न्यायचंय म्हणत होतास ना, सांगते मी बाईंना.
ती दुसरीच घाल, एवढंच म्हणायचं होतं.
सुरी आणली आणि फोडी करून दिल्या. पातळ.